थंडीच्या ट्रिपांआधी गाडीची चाकं आणि टायर कसे बघायचे, ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी

दिवाळी झाली की आपल्याकडे सगळ्यांचे प्लॅन सुरू होतात, कोणी समृद्धीने शिर्डी-नागपूर, कोणी नागाव-काशीद, कोणी डायरेक्ट गाडी काढून मनालीला बर्फ बघायला. आणि मग दरवर्षी हमखास कोणीतरी विचारतं की थंडीसाठी वेगळे टायर टाकायला लागतात का. ते पुढे नीट सांगतो, पण आधी एक गोष्ट अगदी मनापासून सांगायचीय. आपल्या गाड्यांचे टायर थंडीने खराब होत नाहीत. ते जून ते सप्टेंबर घोडबंदर रोडला, गायमुख घाटात, शिळफाट्याला, मुंब्रा बायपासला खड्ड्यांत मार खातात आणि तो मार डिसेंबरमध्ये हायवेला बाहेर पडतो. शहरात तीस-चाळीसच्या स्पीडला काहीच जाणवत नाही, गाडी सरळ चालते, हवा टिकते, म्हणून आपण निवांत राहतो, आणि मग पहिल्यांदाच एकशे दहाला गाडी जाते ती घरचे सगळे आणि सगळं सामान भरलेलं असताना. म्हणून नवीन टायरवर पैसे घालायच्या आधी आहेत ती चाकं तपासा, तेही निघायच्या आदल्या रात्री नाही तर दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे काही निघालंच तर करून घ्यायला वेळ राहतो.

तपासायला काही मशीन लागत नाही. गाडी उजेडात लावा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा म्हणजे पुढच्या चाकाची आतली बाजू पण दिसते, मग टायरच्या कडेवरून, म्हणजे जिथे कंपनीचं नाव आणि साईझ छापलेली असते तिथून, हाताचा पंजा सावकाश फिरवा. डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं. कुठे सुपारीएवढा जरी उंचवटा लागला तर तो फुगा आहे, म्हणजे खड्ड्याच्या कडेवर आपटून आतले धागे तुटलेत आणि त्या जागी हवेचा सगळा जोर नुसत्या रबरावर आलाय. असा टायर रिपेअर होत नाही, कोणी कितीही म्हणालं "चालेल अजून पाच हजार किलोमीटर" तरी तो बदलायचाच, आणि बदलेपर्यंत हायवेला न्यायचा नाही. उलट कडेवर वरून खालपर्यंत एखादी बारीक खोलगट रेघ दिसली तर घाबरू नका, ती बहुतेक वेळा टायर बनवताना आतल्या थरांचा जोड येतो तिथली असते. बाहेर आलेलं वाईट, आत गेलेलं बहुधा ठीक.

मागच्या चाकांची आतली बाजू अशी दिसत नाही. अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते जुळवायला, गाडी वर चढवतात तेव्हा खाली जाऊन मोबाईलचा टॉर्च मारून बघा, आणि तिथेच बघा की टायर आतल्या कडेला जास्त झिजलाय का. बाहेरून नक्षी मस्त दिसते आणि आतून टायर पार गोटा झालेला असतो, असं बऱ्याच गाड्यांचं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. नक्षी किती उरलीय ते बघायला खाचांच्या आत छोटे आडवे उंचवटे दिलेले असतात, टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो त्याच्या सरळ रेषेत. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या लेव्हलला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्यानेही टायर संपला. माझ्या मते तेवढं थांबूच नये, ३ मिलिमीटरच्या खाली गेला की लांबच्या प्रवासाआधी बदलून टाकावा, कारण ओल्या रस्त्यावरची पकड तिथूनच झपाट्याने कमी होत जाते आणि थंडीत पहाटे कसारा घाटात धुकं-दव असलं की रस्ता ओलाच असतो.

आता रिम. बॅलन्सिंगला, म्हणजे छोटी वजनं लावून चाकाचा तोल सारखा करताना, चाक मशीनवर फिरतं तेव्हा आपण स्क्रीनवरचे आकडे बघत बसतो, त्याऐवजी रिमच्या कडेकडे बघा. कड वर-खाली किंवा आत-बाहेर नाचताना दिसली तर रिम वाकलीय, मग कितीही वजनं चिकटवा, ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरणारच. लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते आणि चालते पण. अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक, थोडं वाकलं असेल तर चांगल्या ठिकाणी सरळ करून मिळतं, पण तडा गेलेला असेल तर सोडा तो विषय. वेल्डिंग करून देणारे भरपूर आहेत, नवीन अलॉयपेक्षा खूप कमी पैशात होतं आणि वरून रंग मारला की कळतही नाही, पण वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूच्या धातूची ताकदच कमी होते, आणि पुढचा खड्डा त्याच जागी बसणार नाही याची गॅरंटी कोण देणार. लोकांनी घरच्यांना घेऊन अशा चाकांवर घाट चढू नये असं मला खरंच वाटतं.

बॅलन्सिंग करताना अजून एक सांगायचं, कडेवर ठोकायची क्लिपवाली वजनं अलॉयला लावू देऊ नका, आतून चिकटवायची मागा. क्लिपखाली रंग उडतो, तिथे पाणी बसतं आणि वर्षभरात पांढरी बुरशीसारखी पावडर दिसायला लागते, ते अलॉय खायला सुरुवात झालेली असते.

हे खाल्लं जाणं आपल्याकडे जास्त होतं कारण आपण खाडीच्या काठावर राहतो. पाम बीचला, ऐरोलीला, उलव्याला हवाच खारट. एक तक्रार सारखी ऐकू येते की एका चाकाची हवा दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप, पंपावर ज्याला पॉइंट म्हणतात) उतरते, पंक्चरवाल्याने टायर पूर्ण पाण्यात फिरवला, काही सापडलं नाही. अशा वेळी मगभर पाण्यात थोडा शॅम्पू घालून रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेवर गोल ओता, बाहेरून आणि आतून दोन्हीकडून, आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. कुठेतरी अगदी बारीक बारीक बुडबुड्यांचा पांढरा पट्टा जमायला लागेल. म्हणजे टायरला काही झालेलं नाही, रिमच्या बसायच्या जागेवर गंज-पावडर धरलीय आणि तिथून हवा झिरपतेय. टायर उतरवून ती जागा ब्रशने साफ करून सीलर लावून परत बसवायचा, एवढंच काम. आणि नोजलवर पण एक थेंब टाकून बघा, रबरी नोजल जुनं झालं की तळाशी चिरा पडतात. नवीन टायर टाकताना नोजल नवीनच टाकायचं, ते स्वस्तात येतं. नोजलची टोपी प्लास्टिकचीच ठेवा, ती चमकणारी धातूची टोपी खाऱ्या हवेत नोजलला अशी धरून बसते की पकडीने काढताना नोजलच तुटतं.

बीचवर गाडी घालू नका ही विनंती आहे. ते बरोबर पण नाही, अनेक ठिकाणी बंदीही आहे, आणि मीठ-वाळू ब्रेकच्या मागे जाऊन बसते. नुसतं बीचच्या बाजूच्या होमस्टेला गाडी लावली तरी घरी आल्यावर त्याच दिवशी चाकं साध्या गोड्या पाण्याने धुवा, आतली बाजू विशेष. पण गाडी आल्या आल्या नाही, अर्धा-पाऊण तास थांबून, कारण ब्रेक डिस्क तापलेली असते आणि त्यावर गार पाणी मारलं की ती वाकू शकते, मग ब्रेक दाबला की पाय थरथरतो. धुवायला पाणी कसलं वापरता तेही बघा. घोडबंदर पट्ट्यात टँकर, खाडीजवळच्या सोसायट्यांमध्ये बोअरचं मचूळ पाणी, ते चाकावर उन्हात वाळलं की डाग बसतात आणि मीठही राहतं, म्हणून धुऊन झालं की कपड्याने पुसून कोरडं करायचं. वॉशिंग सेंटरला काही जण चाकांवर पिवळट ॲसिडवालं लिक्विड मारतात, काळी ब्रेकची धूळ झटक्यात निघते म्हणून सगळे खूष होतात, पण त्याने अलॉयवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मरतो. न्यूट्रल पीएचचा व्हील क्लीनर किंवा सरळ कार शॅम्पू, एक मऊ ब्रश, बास. ब्रेकची धूळ म्हणजे बराचसा लोखंडाचा चुरा असतो, महिनोन् महिने बसली तर चिकटून गंजते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तरी चाक धुतलं पाहिजे. थंडीत हवा कोरडी असते तेव्हा स्वच्छ चाकावर वॅक्स किंवा सीलंटचा हात मारून ठेवा, पुढचे दोन-तीन महिने धूळ सहज निघते. महागडं सिरॅमिक कोटिंग केलं तर चांगलंच, पण ते नवीन किंवा रिफिनिश केलेल्या अलॉयवर, आधीच खरवडलेल्यावर नाही.

खरवडण्यावरून आठवलं, अलॉयच्या कडा सगळ्यात जास्त फुटपाथच्या दगडाला घासतात, पॅरलल पार्किंग करताना. नौपाड्यात, वाशीच्या सेक्टरांमध्ये जागाच तेवढी असते. डाव्या बाजूचा आरसा खाली वाकवून मागचं चाक दिसेल असा ठेवायचा, पार्किंग झालं की परत वर. रस्त्यावर रात्रभर गाडी राहत असेल तर चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक लॉक नट, म्हणजे खास चावीनेच निघणारा नट, लावून घ्या, आणि त्याची चावी गाडीतच ठेवा, घरी नको, नाहीतर हायवेला पंक्चर झाल्यावर चाकच काढता येणार नाही.

आता हवा. या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, आणि सगळ्यात जास्त गैरसमज पण इथेच. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, आमणे ते नागपूर, पूर्ण काँक्रीट, गाड्यांना ताशी १२०ची मर्यादा, आणि ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून ठाण्याहून अर्ध्या-पाऊण तासात आपण त्यावर असतो. आता होतं काय की "लांब जायचंय, टायर तापतील, दोन-तीन पॉइंट हवा कमी ठेव" असं पंपावरचा पोऱ्या पण सांगतो आणि घरातले काका पण सांगतात. हे उलट आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची कड जास्त दबते आणि परत सरळ होते, त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते, स्पीड वाढला की ती वेळेत बाहेर पडत नाही, आणि आतले थर सुटायला लागतात. टायर फुटायचं मोठं कारण ही कमी हवा आहे, वरून गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली. तापल्यावर हवेचा दाब चार-पाच पीएसआय वाढतो, तो वाढणार हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो.

तो आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो तिथे मिळतो, आणि बऱ्याच गाड्यांना दोन आकडे असतात, कमी माणसांचा आणि फुल लोडचा, ट्रिपला फुल लोडचा. टायरच्या कडेवर जो मॅक्स प्रेशर छापलेला असतो तो त्या टायरची शेवटची मर्यादा आहे, तो भरायचा आकडा नाही. हवा गार टायरमध्ये बघायची, म्हणजे सकाळी घराजवळच्या पंपावर, दोन-तीन किलोमीटरच्या आत. आणि थंडीचा हिशेब असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण दीड ते दोन पीएसआय उतरतो. ठाण्यात दुपारी तीस अंशाला भरलेली हवा पहाटे निफाड-नाशिकला दहा अंशाला तीन-साडेतीनने कमी दाखवेल, आणि मनालीला शून्याच्या खाली पाच-साडेपाचने. टायरला काही झालेलं नसतं, पण कमी ती कमीच, तिथे सकाळी परत भरून घ्यायची. परत खाली मैदानात आल्यावर जास्त झालेली काढायची, तीही गार असताना. नायट्रोजनने हा फरक टळत नाही, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. सुका असतो हा फायदा आहे, पण नायट्रोजनवाला सापडत नाही म्हणून कमी हवेवर गाडी चालवत राहणं चुकीचं, साधी हवा भरा बिनधास्त. डिजिटल गेज स्वतःचा घ्या, पंपावरच्या मशिनी दोन-तीन पीएसआय इकडे-तिकडे दाखवतात.

टायर घ्यायचेच असतील तर साईझ बदलायच्या भानगडीत पडायच्या आधी हा हिशेब बघा. १८५/६५ आर १५ ८८एच असं लिहिलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, रिम १५ इंची, ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे २१०पर्यंतचा स्पीड. यावरून १९५/५५ आर १६ला गेलात तर बाहेरचं माप जवळपास तेच राहतं, एक मिलिमीटरचाही फरक नाही, स्पीडोमीटर बरोबर दाखवतो, दिसायला गाडी भारी दिसते. पण कडेची उंची १०७वर येते, म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यातलं तेरा मिलिमीटर रबर गेलं, आणि त्या साईझमध्ये बरेच टायर ८७ म्हणजे ५४५ किलोचे येतात. आपल्या रस्त्यांवर मी तरी कंपनीच्याच साईझवर राहायला सांगेन, किंवा पर्याय असेल तर गाडीच्या खालच्या मॉडेलला जी छोटी रिम येते तीच.

दुकानात टायर समोर आला की कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे बघा, २३२५ म्हणजे २०२५च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा महिने जुना चालतो, दोन वर्षं पडून राहिलेला डिस्काउंटमध्ये देत असतील तर नको. गाडीला लावलेले टायर पाच-सहा वर्षांचे झाले की नक्षी असली तरी दरवर्षी तज्ज्ञ माणसाला दाखवा, कडेला आणि खाचांत बारीक चिरा दिसल्या की बदला. चारही एकदम जमत नसतील तर दोन घ्या, पण नवीन दोन मागे लावा. इथे टायरवाला वाद घालेल, पुढचं इंजिन, पुढचे ब्रेक, पुढेच पाहिजे म्हणेल. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा सावरता येते. मागची घसरली की गाडी गोल फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात राहत नाही. नवीन टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून, वरचा निसरडा थर जाऊ द्या. नट एअर गनने कचकचून आवळू देऊ नका, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर, समोरासमोरचे असे आवळायचे, आणि शंभरेक किलोमीटरने परत एकदा तपासायचे.

आता तो बर्फाचा प्रश्न. खरे विंटर टायर म्हणजे ज्यांचं रबर ७ अंशांच्या खाली पण मऊ राहतं, आपलं नेहमीचं रबर तिथे कडक व्हायला लागतं, आणि नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात ज्या बर्फाला धरतात. त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण अशी खूण असते, ती चाचणी पास झाल्यावरच मिळते. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा, त्यासाठी बर्फावर टेस्ट द्यावी लागत नाही. जर्मनीत ऑक्टोबर २०२४पासून बर्फात नुसतं एम+एस चालतच नाही, डोंगरवाली खूणच लागते. पण ठाण्याहून मनाली जवळपास दोन हजार किलोमीटर, त्यातला बर्फ शेवटचे थोडे किलोमीटर, बाकी गुजरात-राजस्थान-पंजाबचा बिनबर्फाचा, बराचसा कोरडा रस्ता, तिथे विंटर टायर भराभर झिजतील आणि ब्रेकला गाडी लांब जाऊन थांबेल. म्हणून आपण ते घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. चांगली नक्षी असलेले नेहमीचे टायर आणि डिकीत चेन, म्हणजे बर्फात पकड यावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्या.

चेन टायरच्या साईझप्रमाणे येते आणि सगळ्या गाड्यांना बसत नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की आत सस्पेन्शनला किती जागा आहे, साईझ वाढवलेली असेल तर अजून अवघड. मनालीला भाड्याने मिळतात पण आपल्या साईझची मिळेलच असं नाही. फ्रंट व्हील ड्राइव्हला, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर येतो अशा गाडीला, चेन पुढच्या चाकांना, दोन्ही. इथे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा लावून-काढून बघाच, हातमोजे घालून, कारण तिथे बर्फात गुडघे टेकून, बोटं बधिर झालेली असताना आणि मागे गाड्यांची लाईन लागलेली असताना पहिल्यांदा शिकणं फार त्रासाचं. बर्फ पडला की सोलंग आणि अटल टनेलच्या बाजूला पोलीस फोर बाय फोर किंवा चेनवाल्याच गाड्या सोडतात, आणि परत पाठवलं तर हुज्जत न घालता परत फिरायचं. चेन लावून ताशी ४०च्या आतच, डांबर दिसलं की लगेच काढायची, नाहीतर चेनही तुटते आणि टायर-रस्ता दोन्ही खरवडतात. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय नुसता टेकवत. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओला असला तर गोठून धरतो, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये टाकून चाकाखाली दगड लावा, आणि सकाळी निघताना तो काढायचा. खाली उतरताना हायवेला अचानक स्टेअरिंग थरथरायला लागलं तर आधी थांबून रिमच्या आत बघा, तिथे चिखल-बर्फाचा गोळा गोठून बसलेला असतो आणि बॅलन्स बिघडवतो, लाकडाने पाडला की गाडी परत नॉर्मल.

आणि स्टेपनी. हिची हवा वर्षभर कोणी बघत नाही. बऱ्याच गाड्यांना आता छोटी स्टेपनी येते, तिच्यावर ताशी ८०च्या मर्यादेचा स्टिकर असतो आणि काही बारीक स्टेपन्यांना तब्बल ६० पीएसआय लागतात, तो आकडा पण तिच्यावरच छापलेला असतो. ज्यांच्याकडे स्टेपनीच नाही, नुसता कंप्रेसर आणि लिक्विडची बाटली आहे, त्यांनी बाटलीवरची एक्स्पायरी बघून घ्या, आणि लक्षात ठेवा की ते लिक्विड खिळ्याच्या भोकाला चालतं, खड्ड्याने कड फाटली तर चालत नाही. अशा गाडीने समृद्धीला किंवा हिमाचलला जाणार असाल तर निघायच्या आधी त्याच साईझचं एक चाक कोणाकडून तरी मागून घ्या आणि सामान थोडं कमी करून ते डिकीत टाका.